तोफा झकास, सुकाणू रामभरोसे

शंभर मोठे गोळे डागले तर तीन लागायचे. ३१ मे १९१६ला उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत जटलंडची लढाई झाली तेव्हा दोन्हीकडच्या तोफखान्याची मजल साधारण एवढीच होती, आणि हा आकडा पाळायची हिंमत दाखवणाऱ्या संगणकावरच्या खेळाला मी आधीच निम्मे गुण देऊन टाकते. बाकीच्या आरमारी खेळांत समोरच्या जहाजावर खूण करायची, बटण दाबायचं, की जहाज पेटलंच. इथे पंधरा हजार यार्डांवरून सोडलेला गोळा वीस-पंचवीस सेकंद हवेत असतो. तेवढ्यात समोरची बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, अडीचशे-तीनशे मीटर पुढे सरकलेली असते, आणि आपल्याला दिसतात ते फक्त पाण्याचे उसळलेले खांब. पहिले आखूड. पुन्हा आखूड. मग एकदम पलीकडे. एकदा का काही खांब जहाजाच्या अलीकडे आणि काही पलीकडे उठले, की अंतर सापडलं म्हणायचं. आता सोडायचं नाही. हे सगळं इतकं सुरेख जमवलंय की पापणी लवत नाही.

आणि नेमकं तेव्हाच आपल्या रांगेतलं तिसरं जहाज, कुणी काही न सांगता, गोल फिरायला लागतं.

खेळाचं नाव मी लिहिणार नाही. नाव घेतलं की माणसं आधी बाजू घेतात आणि मग वाचतात, आणि मला तर त्या बाजूंबद्दलच बोलायचंय. खेळणाऱ्यांची मतं वाचायला घेतली तर ही दोन निरनिराळ्या खेळांबद्दलची आहेत असं वाटतं. एक म्हणतो, असा खेळ पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, हा खेळच नव्हे, अर्धवट टाकलेलं काम आहे. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या नावापुढे खेळलेले तास जास्त दिसतात. आठशे-नऊशे तास घालवायचे आणि अंगठा खाली करायचा! बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, मला नाही वाटत. ज्याला खेळ मुळातच आवडला नाही तो पहिल्याच दिवशी निघून गेलेला असतो. एवढं चिडायला आधी जीव जडावा लागतो.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधायचा पगार घेते आणि रात्री हा खेळ लावून तेच काम फुकट करते. त्यामुळे दोष किती, हे मी मोजत बसत नाही. दोष सगळीकडेच असतात. युद्धाच्या खेळाकडून माझी मागणी एकच आहे: हरल्यावर का हरले, हे मला शोधून काढता आलं पाहिजे.

आता खेळ काय आहे ते. काळ साधारण १८९० ते १९२०. एक देश घ्यायचा, जहाजांचे आराखडे करायचे, ती बांधायची, आणि युद्ध पेटलं की स्वतः त्यांचं नेतृत्व करायचं. आराखड्याचा भाग बघून तोंडाला पाणी सुटतं. चिलखताची जाडी, बॉयलर, कोळसा की तेल, तोफा किती इंची, तोफांचे फिरते बुरूज मधोमध की दोन्ही टोकांना, सगळं आपल्या हातात. १९०६ साली ब्रिटिशांनी ‘ड्रेडनॉट’ आणलं, दहा १२ इंची तोफा आणि वर टर्बाइनवर २१ नॉटचा (ताशी सुमारे ३९ किलोमीटर) वेग, तेव्हा जगातली बाकीची आरमारं एका रात्रीत जुनाट कशी झाली, ते इथे आपल्या तिजोरीकडे बघून कळतं. आदल्या वर्षी हौसेनं बांधलेली चार जहाजं एकदम अडगळ वाटायला लागतात.

पण इथेही एक खोट आहेच. वजन मर्यादेबाहेर गेलं की खेळ लाल अक्षरांत सांगतो. ते ठीक. मग वरचा एखादा बुरूज काढून पुन्हा तोच बसवला की लाल अक्षरं जातात आणि जहाज बांधायला मंजुरी मिळते! वजन तेच, गुरुत्वमध्य तोच. १८७०मध्ये ‘एचएमएस कॅप्टन’ नावाचं जहाज असंच ठरल्यापेक्षा जड झालं होतं. आराखड्यात पाण्यापासून डेकची उंची ८ फूट होती, प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपास भरली, आणि सप्टेंबरातल्या वादळी रात्री ते उलटून जवळपास ४८० माणसं गेली. ज्यानं ते जहाज कल्पिलं तो काउपर कोल्सही त्यातच होता. या खेळात मात्र असलं जहाज वादळातही ताठ उभं राहतं. म्हणजे चूक करायची मुभा आहे, पण तिची शिक्षा नाही. मला हा दोष गोल फिरत राहणाऱ्या जहाजापेक्षा मोठा वाटतो, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण यात आपलाच फायदा होतो.

चकरा मारणाऱ्या जहाजाबद्दल मात्र सगळे बोलतात. घडतं असं: रांगेतल्या पुढच्या जहाजाला मार बसून त्याचा वेग घटला, की मागचं जहाज त्याला टाळायला वळतं, आणि वळतच राहतं. त्याला टाळायला त्याच्या मागचं. दोन मिनिटांत सुरेख रांगेचा पार विचका होतो.

यावर खेळाच्या चाहत्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते उत्तर वाईट नाही. ते म्हणतात, ‘वॉरस्पाइट’ आठवा. जटलंडला ऐन लढाईत शेजारच्या जहाजांशी टक्कर टाळताना ‘वॉरस्पाइट’चं सुकाणू अडकलं आणि त्या अजस्र युद्धनौकेनं जर्मन तोफांसमोर दोन पूर्ण चकरा मारल्या. जर्मन तोफा तिच्याकडे वळल्या म्हणून जवळच जखमी होऊन पडलेल्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश क्रूझरला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. शिवाय हुकूम न पाळणाऱ्या जहाजांचंही उदाहरण तयार असतं. त्याच दिवशी दुपारी ब्रिटिश बॅटलक्रूझरांचे प्रमुख अॅडमिरल बीटी यांनी झेंड्यांनी वळायची खूण केली, ती धुरात आणि अंतरामुळे इव्हान-थॉमस यांच्या चार सर्वांत ताकदवान युद्धनौकांना वेळेत कळलीच नाही, आणि त्या मैलोगणती मागे पडल्या. टकरींचं म्हणाल तर १८९३च्या जूनमध्ये, शांततेच्या काळात, भरदिवसा, अॅडमिरल ट्रायन यांनी दोन रांगांना एकमेकींच्या दिशेनं वळायला लावलं. अंतर अपुरं होतं. ‘कॅम्परडाउन’ सरळ ‘व्हिक्टोरिया’त घुसलं, ३५८ माणसं गेली. वाचलेल्यांत तापानं फणफणलेला एक अधिकारी होता, जॉन जेलिको. तेवीस वर्षांनी जटलंडला अख्खं ब्रिटिश आरमार त्याच्याच हाताखाली होतं.

माझा एक जुना सहकारी माझ्याबरोबर हा खेळ खेळतो. तो या पंथातला. मागे एकदा मी करवादले तेव्हा म्हणाला, “अगं, समुद्र आहे तो. तिथे कधी काय नीट झालंय? तुला सगळं परेडसारखं पाहिजे.”

“परेड नको रे,” मी म्हटलं, “कारण पाहिजे.”

‘वॉरस्पाइट’चं सुकाणू का अडकलं, ते तिच्या लोकांना कळलं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं. इव्हान-थॉमस का मागे राहिले, यावर शंभर वर्षं वाद चाललाय, पण तो वाद घालता येतो. धूर होता, अंतर होतं, झेंडे होते, प्रकाशझोतानं तोच निरोप द्यायचा राहिला होता. ट्रायन यांच्या हुकमाचं गणित तर कागदावर मांडता येतं: रांगांमधलं अंतर ६ केबल, म्हणजे अकराशे मीटरच्या आसपास, आणि दोन्ही जहाजांना वळायला मिळून त्याहून जास्त जागा हवी. खेळातल्या माझ्या तिसऱ्या जहाजाला काय झालं होतं? सुकाणू शाबूत. इंजिन शाबूत. कप्तान जिवंत. नुकसानीची नोंदवही उघडली तर कोरी. समुद्र बेभरवशाचा असतो हे मान्यच आहे, पण म्हणून प्रोग्राममधल्या गोंधळाला समुद्राचं नाव देता येत नाही.

दुसरा दोष तांत्रिक आहे आणि मला त्यात व्यावसायिक आनंद मिळाला, हे कबूल करायला हरकत नाही. घड्याळ साध्या वेगानं चालू असेल तर टॉर्पेडो लागतात. घड्याळ पळवलं की तेच टॉर्पेडो जहाजाच्या आरपार जातात, आणि पलीकडे आपली पांढरी रेघ ओढत निवांत निघून जातात. माझा अंदाज असा: घड्याळ पळवल्यावर खेळ मधली गणितं गाळत असणार. त्या काळचा टॉर्पेडो ३५ नॉटनं म्हणजे सेकंदाला १८ मीटर जातो. दोन गणितांमध्ये दोन सेकंदांची फट पडली तर तो ३६ मीटर पुढे उगवतो, आणि मोठ्या युद्धनौकेची रुंदी २७ मीटर. एका क्षणी अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे. मध्ये जहाज होतं हे त्याला कळतच नाही. सेव्ह केलेली एकच लढाई दोन्ही वेगांनी चालवून बघा, लगेच पटेल. जेलिको टॉर्पेडोंच्या धास्तीनं आरमार वळवून दूर गेले म्हणून त्यांना जन्मभर बोल ऐकावे लागले. या खेळात त्यांनी नुसतं घड्याळ पळवलं असतं!

पण खरी मेख पुढेच आहे. या खेळाबद्दल सर्वांत कडवट भांडण कशावरून होत असेल तर ब्रिटिश बॅटलक्रूझरवरून. एक गट म्हणतो, बनवणारे जर्मनांच्या बाजूचे आहेत, ब्रिटिश जहाजं फटाक्यांसारखी उडतात. दुसरा गट म्हणतो, इतिहास वाचा. आणि इतिहास खरोखरच तसा आहे. जटलंडला ‘इन्डिफॅटिगेबल’ आणि ‘क्वीन मेरी’ अर्ध्या तासाच्या आत एकापाठोपाठ उडाल्या, संध्याकाळी ‘इन्व्हिन्सिबल’चे दोन तुकडे झाले. ‘क्वीन मेरी’वरचे १२६६ गेले, ‘इन्व्हिन्सिबल’वरचे एक हजारावर गेले, वाचले फक्त सहा. आज आपल्या जहाजांचं काहीतरी बिनसलंय, असं बीटी तेव्हा म्हणाले, ते अजून सांगितलं जातं.

काय बिनसलं होतं? लोक पटकन म्हणतात, पातळ चिलखत. ते अर्धंच खरं. ब्रिटिश तोफांची दारू रेशमी थैल्यांत असे, आणि भराभर मारा करता यावा म्हणून त्या थैल्या बुरुजात नि खालच्या खोल्यांत जागोजागी रचून ठेवलेल्या असत; आग कोठारापर्यंत पोचू नये म्हणून बसवलेली दारं वेळ वाचवायला उघडी ठेवत. बुरुजावर एक गोळा फुटला की ज्वाळा थेट खाली. बीटींचं स्वतःचं ‘लायन’ याच रीतीनं गेलं असतं. मेजर हार्वी यांनी मरता मरता कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला म्हणून वाचलं. जर्मनांना हा धडा सोळा महिने आधी मिळाला होता. जानेवारी १९१५मध्ये डॉगर बँकेच्या लढाईत ‘झाइडलिट्झ’चे मागचे दोन्ही बुरूज एकाच गोळ्यानं जळून गेले, दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर त्यांनी बुरुजात दारू साठवणं आवरलं. शिवाय त्यांची मुख्य दारू पितळी कवचात असे. तेच ‘झाइडलिट्झ’ जटलंडला २१ मोठे गोळे आणि एक टॉर्पेडो खाऊन, पोटात पाच हजार टनांहून जास्त पाणी घेऊन घरी पोचलं.

बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी प्रत्येक जहाजाच्या पानावर एक बारीकशी खूण दिली आहे: बुरुजात जादा दारू ठेवायची की नाही. ठेवली तर मारा जलद, धोका मोठा. नाही ठेवली तर सावकाश, पण जहाज टिकतं. मी तर म्हणेन, या काळावरच्या खेळांत मी पाहिलेली ही सर्वांत शहाणी कल्पना आहे. देशाच्या नावावर फासे टाकण्याऐवजी निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दिलाय.

आणि सेव्ह केलेली लढाई पुन्हा उघडली की ती खूण आपोआप ‘जादा दारू’वर जाते.

सगळ्याच नाही, फक्त ज्या देशांची मूळ मांडणी ‘जादा’ आहे त्यांच्या जहाजांची. म्हणजे अर्थात ब्रिटिशांची. आपण सावधपणे खूण काढून ठेवलेली असते, लढाई सेव्ह करून झोपलेलो असतो, दुसऱ्या दिवशी उघडतो, आणि दहाव्या मिनिटाला ध्वजनौका आकाशात. मी हे पडताळून पाहिलं: खूण काढा, सेव्ह करा, बंद करा, उघडा, जहाजाचं पान बघा. दर वेळी तेच. पडद्यावर कुठे सूचना नाही, नोंदवहीत ओळ नाही. ज्या भांडणात माणसं एकमेकांना देशद्रोही म्हणण्यापर्यंत गेली, ते भांडण निम्मं तरी या एका न जपलेल्या खुणेचं आहे. जे एका बैठकीत लढाई संपवतात ते म्हणतात, ब्रिटिश जहाजं ठीक आहेत. जे मधे थांबतात ते म्हणतात, पक्षपात आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

म्हणून मला ‘छोट्या दोषांकडे दुर्लक्ष करा’ हा सल्ला रुचत नाही. खेळ मधेच बंद पडला तर निदान तो बंद पडला हे कळतं. शिव्या घालून पुन्हा सुरू करता येतो. हा दोष मात्र आपल्याला खोटं शिकवतो. आपण चिलखत वाढवत बसतो, वेग घटवतो, डावपेच बदलतो, आणि कारण भलतंच असतं.

आता मोहिमेचं, म्हणजे देश घेऊन वर्षानुवर्षं चालवायच्या भागाचं, थोडक्यात. १९१० ओलांडलं की पुढचा महिना उघडायला वेळ लागतो, मग फार वेळ लागतो, मग चक्र फिरतच राहतं. यावरून आणखी एक आरोप होतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. या खेळाचे पहिले दोन तास अगदी निर्दोष आहेत. म्हणजे हे ठरवूनच केलंय, असं काही जण म्हणतात. मला यात डाव दिसत नाही, आमच्या धंद्याची जुनी खोड दिसते. सुरुवात रोज चालवून बघितली जाते, कारण काहीही तपासायचं तर तिथूनच जावं लागतं. तिसाव्या वर्षापर्यंत पोचायला कुणाला वेळ असतो? तिथवर पहिल्यांदा पोचतो तो विकत घेणाराच.

पॅच, म्हणजे बनवणाऱ्यांच्या दुरुस्त्या, येतात, नाही असं नाही. पण पॅच आला की जुन्या सेव्ह निकामी होतात, आणि एक दुरुस्त करताना दुसरं मोडतं. मागच्या पॅचनं धूर सुधारला आणि विनाशिकांचं डोकं फिरवलं. आता त्या टॉर्पेडो सोडायच्या अंतरावर येतात आणि माघारी वळतात. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. हौशी लोकांनी खेळात बदल करायला बनवलेले मॉड आहेत, त्यातला एक रांगेचा गोंधळ बराच कमी करतो. तो फुकट आहे, जरूर बसवा. मात्र ‘मॉड टाका, मग खेळ चांगला आहे’ हा खेळाचा बचाव मला मान्य नाही. ती त्या मॉडवाल्याची स्तुती झाली.

आवाज उत्तम. नकाशा वाचायला त्रासदायक, अक्षरं मुंगीएवढी. दोघांनी मिळून खेळायची सोय आहे; आम्ही खेळतो, दोघांच्या पडद्यांवर एकच जहाज कधीकधी वेगवेगळ्या ठिकाणी असतं, हसून सोडून देतो.

मग घ्यावा का? ज्यांना मोहीमच खेळायची आहे त्यांनी थांबा, वर्षभर तरी. ज्यांना सुट्या लढाया पुरतात त्यांनी आजच घ्या. जटलंडच्या लढाईत सहा रांगांतल्या चोवीस युद्धनौका एका ओळीत आणायचा तो जेलिकोंचा निर्णय, समोर नुसतं धुकं आणि कुठूनतरी येणारा तोफांचा गडगडाट, शत्रू नेमका कुठे आहे हे कुणी सांगत नाही, डावीकडे पसरायचं की उजवीकडे. याची गंमत दुसऱ्या कुठल्या खेळानं मला दिलेली नाही. त्या वेळी रांग सरळ राहिली तर. टॉर्पेडो पाण्यात असताना घड्याळ पळवू नका. आणि ब्रिटिश बाजूनं उतरणार असाल तर सेव्ह उघडल्यावर आधी एकेका जहाजाचं पान उघडून जादा दारूची खूण काढा, मगच घड्याळ सुरू करा.